पाण्याचा ताळेबंद आणि मुक्त सॉफ्टवेअर

वऱ्हाडातील शेतीचे भवितव्य पावसाच्या पाण्याशी निगडित आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर या तालुक्यांतील अनेक गावे या पट्ट्यात मोडतात. येथील जमीन काळी व खोल असली तरी भूजल खारे आहे. त्यामुळे विहीर खोदून ओलिताची सोय करणे बहुतेक ठिकाणी शक्य होत नाही. वाहून जाणारे पावसाचे पाणी शेततळ्यात अडविणे आणि पिकाला नेमक्या वेळी देणे, हाच येथील शेतकऱ्यापुढील प्रमुख मार्ग होय. म्हणूनच गावाच्या शिवारात किती पाणी पडते, किती मुरते आणि किती वाहून जाते, याचा हिशेब या भागात विशेष महत्त्वाचा ठरतो.

जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हा हिशेब गावपातळीवर मांडण्यात आला. पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतील सुमारे ४,००० दुष्काळप्रवण गावे आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची सुमारे १,००० गावे या प्रकल्पासाठी निश्चित करण्यात आली होती. पाण्याच्या ताळेबंदाची शास्त्रीय पद्धत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केली. जमिनीचा प्रकार, तिचा उतार, पीक आणि दैनंदिन पाऊस यांच्या आधारे अपधाव, जमिनीतील ओलावा व पिकास कमी पडणारे पाणी यांचे गणित त्यात केले जाते. हे गणित करणारी आज्ञावली ‘क्यूजीआयएस’ या नकाशाविषयक सॉफ्टवेअरला जोडून चालविण्यात येते. क्यूजीआयएस हे कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. २००२ साली सुरू झालेले हे सॉफ्टवेअर जगभरातील अभ्यासकांनी सहकार्याने वाढविले असून ते मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध आहे.

आकड्यामागील गणित

सॉफ्टवेअर मुक्त असणे वा नसणे या गोष्टीचा गावाशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर पाणी. गावाचे शिवार ५०० हेक्टरांचे धरले आणि अपधावेच्या हिशेबात १० मिलिमीटरांची चूक झाली, तर ५०,००० घनमीटर पाण्याचा फरक पडतो. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा, उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे २,००० घनमीटर पाणी मावते. म्हणजे एवढ्याशा चुकीने २५ शेततळ्यांचा हिशेब बदलतो. कोठे शेततळी खोदावीत, कोठे नाल्याचे खोलीकरण करावे, हे निर्णय अशाच आकड्यांवर अवलंबून असतात.

अपधाव काढण्याच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या जमिनीला आणि पिकाला एक विशिष्ट क्रमांक दिलेला असतो. चिकण काळी जमीन एकदा भिजली की तीत पाणी सावकाश मुरते. परंतु हीच जमीन उन्हाळ्यात खोलवर भेगाळते आणि मृगाचे पहिले पाणी त्या भेगांत भराभर जिरते. शेतकऱ्याला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. संगणकाच्या हिशेबात ती धरली आहे की नाही, हे मात्र निव्वळ उत्तराचा आकडा पाहून कळत नाही. त्यासाठी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेली मूळ आज्ञावली, वाचावी लागते. मूळ आज्ञावली वाचता आली तर कृषी विद्यापीठातील अभ्यासक अथवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी ती तपासू शकतो, स्थानिक अनुभवानुसार तीत दुरुस्ती करू शकतो. ती बंद असेल तर ग्रामसभेपुढे येणारा आकडा केवळ विश्वासाने स्वीकारावा लागतो.

बियाण्याचा दाखला

अकोला हे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे, तसेच १९७६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचे मुख्यालय. त्यामुळे येथील वाचकांना हा विषय बियाण्याच्या दाखल्याने सहज समजेल. देशी कपाशीची सरकी शेतकरी घरी राखून ठेवतो, पुढील हंगामात पेरतो, शेजाऱ्यालाही देतो. संकरित बियाणे मात्र दर हंगामास विकत आणावे लागते, कारण त्याचे गुण पुढील पिढीत टिकत नाहीत. शेतकऱ्याचा हा परंपरागत अधिकार २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बियाणेदेखील शेतकऱ्याला राखता, पेरता व देवाणघेवाणीत देता येते. ते नाममुद्रेसह विकता मात्र येत नाही.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात असाच विचार अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून मांडला. त्यानुसार मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये असतात. कोणत्याही कामासाठी ते चालविता यावे. त्याची मूळ आज्ञावली अभ्यासून तीत बदल करता यावा. त्याच्या प्रती इतरांना देता याव्यात. आणि सुधारलेली आवृत्तीही वाटता यावी. यातील एकही स्वातंत्र्य नाकारले गेले तर ते सॉफ्टवेअर मालकी हक्काचे ठरते. मुक्त म्हणजे मोफत नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. फुकट मिळणारे सॉफ्टवेअर बंद असू शकते आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या सेवेसाठी मोबदला घेता येतो.

आज्ञावली ठेवण्याची जागा

अनेकांनी मिळून लिहिलेली आज्ञावली कोठे तरी एकत्र ठेवावी लागते. कोणी, केव्हा व कोणता बदल केला याची नोंद त्यासाठी आवश्यक असते. या कामाचा इतिहास बोधप्रद आहे. लिनक्स या मुक्त प्रणालीचे काम २००२ पासून ‘बिटकीपर’ नावाच्या मालकी हक्काच्या साधनावर चालत होते. २००५ साली कंपनीने त्याची विनामूल्य सवलत काढून घेतली आणि हजारो लोकांच्या कामाला खीळ बसण्याची वेळ आली. त्यावर उपाय म्हणून लायनस टॉरवाल्ड्स यांनी अल्पावधीत ‘गिट’ हे मुक्त साधन तयार केले.

या गिटच्या आधारे २००८ मध्ये गिटहब हे संकेतस्थळ सुरू झाले. आज जगातील असंख्य मुक्त सॉफ्टवेअरांची आज्ञावली तेथे ठेवलेली आहे. क्यूजीआयएसची आज्ञावलीही तेथेच असून २०१९ मध्ये त्याच्या त्रुटींची नोंदवहीही तेथे हलविण्यात आली. परंतु गिटहब चालविणारे सॉफ्टवेअर स्वतः मुक्त नाही. २०१८ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते साडेसात अब्ज डॉलरांना विकत घेतले. मुक्त कामाची जपणूक मालकी हक्काच्या घरात व्हावी, ही विसंगती जाणकारांना खटकते.

ही चिंता केवळ तात्त्विक नाही. गिटमुळे आज्ञावलीची संपूर्ण प्रत प्रत्येकाला आपल्याकडे ठेवता येते; तेवढा भाग सुरक्षित असतो. परंतु त्रुटींच्या तक्रारी, त्यांवरील चर्चा, कोणाला कोणता अधिकार दिला याची नोंद, हे सर्व संकेतस्थळाच्या स्वतःच्या व्यवस्थेत अडकून राहते. दप्तर आपले, पण आवक-जावक नोंदवही दुसऱ्याच्या कपाटात, अशी ही स्थिती होय. २०१६ च्या आरंभी गूगलने आपले असेच संकेतस्थळ बंद केले, तेव्हा हजारो प्रकल्पांना स्थलांतर करावे लागले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमिया येथील वापरकर्त्यांवर गिटहबने मर्यादा घातल्या. भारतातही डिसेंबर २०१४ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव ३२ संकेतस्थळे काही काळ रोखण्यात आली, त्यांत गिटहबच्या एका विभागाचा समावेश होता. पुढे मुक्त आज्ञावलींवर शिकविलेले ‘कोपायलट’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन गिटहबने २०२२ मध्ये विक्रीस आणले, परंतु ते साधन स्वतः बंदच ठेवले. त्याच वर्षी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या अमेरिकन संस्थेने प्रकल्पांना गिटहब सोडण्याचे आवाहन केले.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. गिटहब विनामूल्य वापरता येते, तेथे जगभरातील कुशल प्रोग्रामर एकत्र येतात आणि लहान प्रकल्पांना सहज हातभार मिळतो. म्हणून अनेक संस्था ते सोडण्यास राजी नसतात.

दिसते ते सर्व मुक्त नव्हे

आणखी एक गैरसमज व्यापक आहे. संकेतस्थळावर जी आज्ञावली उघड वाचता येते, ती वापरण्यासही सर्वांना मोकळीक आहे, असे समजले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रामची गणना साहित्यकृतीत होते. लेखकाने परवाना दिला नसेल, तर ती कृती बदलण्याचा व वाटण्याचा हक्क इतरांना मिळत नाही. अमरावती वा अकोल्यातील एखाद्या विद्यार्थ्याने आपला प्रकल्प संकेतस्थळावर ठेवला आणि सोबत परवाना जोडला नाही, तर तो वाचता येईल, पण कायदेशीररीत्या पुढे नेता येणार नाही. परवान्याची एक फाईल जोडण्याने हा अडसर दूर होतो. अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या शिक्षकांनी ही बाब पहिल्याच वर्षी शिकविणे इष्ट ठरेल.

शासनाचे धोरण

केंद्र शासनाने २०१५ साली या संदर्भात दोन धोरणे जाहीर केली. पहिल्यानुसार शासकीय प्रणालींत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावयाचे आहे आणि ते वगळल्यास त्याचे समर्थन करावयाचे आहे. दुसऱ्यानुसार शासकीय सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली खुली करून विविध विभागांनी परस्परांचे काम पुन्हा वापरावयाचे आहे. त्यासाठी ‘ओपनफोर्ज’ हे शासनाचे स्वतःचे संकेतस्थळ निर्माण करण्यात आले. तरीही २६ मे २०२० रोजी आरोग्य सेतूची आज्ञावली खुली झाली, ती गिटहबवरच. सोय आणि स्वावलंबन यांतील ओढाताण शासकीय कामातही कशी असते, याचे हे उदाहरण होय.

आज्ञावली खुली केल्यास शेतकऱ्यांची माहिती उघड होईल, अशीही शंका व्यक्त केली जाते. परंतु आज्ञावली आणि माहिती या भिन्न गोष्टी आहेत. हिशेबाची रीत सर्वांना सांगितली म्हणून कोणाचे खाते उघड होत नाही. शेतकऱ्यांची नावे, सर्व्हे क्रमांक व बँक खाती गोपनीय ठेवून गणिताची रीत खुली ठेवणे पूर्णतः शक्य आहे.

स्थानिक पातळीवरील उपाय

याबाबतीत काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. कोणत्याही कार्यालयाने सॉफ्टवेअर तयार करून घेताना मूळ आज्ञावली व तिचे हक्क कोणाकडे राहतील, हे करारात स्पष्ट नमूद करावे. आज्ञावली कोणत्याही संकेतस्थळावर ठेवली तरी तिची अद्ययावत प्रत शासकीय सर्व्हरवर असावी. तक्रारी व चर्चा यांच्या नोंदीही वेळोवेळी उतरवून घ्याव्यात. पूर्णतः मुक्त व्यवस्था हवी असल्यास सॅव्हाना किंवा जर्मनीतील कोडबर्ग यांसारखी संकेतस्थळे उपलब्ध आहेत. ‘फोर्जेजो’ हे मुक्त सॉफ्टवेअर तर विद्यापीठाला स्वतःच्या संगणकावरही बसविता येते.

पंचायत सदस्यांनी प्रोग्रामिंग शिकण्याची आवश्यकता नाही. ग्राम कृषी संजीवनी समितीपुढे अथवा ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जाईल तेव्हा तीन प्रश्न विचारणे पुरेसे आहे. हा आकडा कोणत्या रीतीने आला? ती रीत कोणाला तपासता येते? शिवारातील अनुभव वेगळा असेल तर दुरुस्ती कोण व कशी करील? ज्या व्यवस्थेत या तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळते, तेथे संगणकाचा आकडा गावाच्या उपयोगी पडतो. खारपाणपट्ट्यात पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा आहे. त्याच्या हिशेबाची वही गावाला उघडून पाहता आली पाहिजे.