रोसिटनचं रिबाची झालं, पाखरांची वाट तीच राहिली

बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याला लागून 98 किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा आहे. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याचं विस्तीर्ण खाजण. रुंदी कुठे पावणेचार किलोमीटर, कुठे जेमतेम चारशे मीटर. उत्तरेकडचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग लिथुआनियात येतो आणि दक्षिणेकडचा रशियाच्या कालिनिनग्राड प्रांतात. या रशियन भागात मोजून तीन गावं आहेत: लेस्नोय, रिबाची आणि मोर्स्कोये. 1945 पर्यंत ती जर्मनीच्या पूर्व प्रशियात होती. तेव्हा त्यांची नावं होती सार्काउ, रोसिटन आणि पिलकोपेन. रिबाची म्हणजे जुनं रोसिटन हे त्यातलं सर्वांत मोठं गाव, तरी वस्ती हजाराच्या आसपास.

इथे येणारे बहुतेक प्रवासी गावात शिरतच नाहीत. कालिनिनग्राडहून बस निघते, झेलेनोग्राद्स्क ओलांडून राष्ट्रीय उद्यानाच्या नाक्यावर तिकीट फाडते आणि थेट ‘नाचऱ्या जंगला’पाशी थांबते. तिथली पाइनची झाडं वेटोळी घालून वाढली आहेत. एखाद्या खोडाच्या वेटोळ्यातून पलीकडे गेलं तर मनातली इच्छा पुरी होते, असा समज पसरल्याने तिथे कायम रांग असते. झाडांची मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून आता लाकडी पायवाट घातली आहे. झाडं वाकडी का झाली यावर अनेक मतं आहेत. कोवळे शेंडे पोखरणाऱ्या अळीचं काम असावं हे त्यातलं एक. ही लागवड 1961 सालची. त्याआधी याच टेकडीवर जर्मन ग्लायडर शाळेची विमानं उडत. फर्डिनांड शुल्झ नावाच्या शाळामास्तराने स्वतः बनवलेल्या ओबडधोबड ग्लायडरवर 1924 च्या मे महिन्यात रोसिटनच्या वाऱ्यावर 8 तास 42 मिनिटं तरंगत राहून जागतिक विक्रम केला होता. नाचरं जंगल बघून बस परत फिरते आणि रिबाचीची वाट तशीच राहते.

गावाचा इतिहास थोडक्यात असा. ट्युटॉनिक सरदारांच्या गढीच्या निमित्ताने 1372 मध्ये रोसिटनचं नाव कागदावर आलं. पुढे प्रशियाचं राज्य, मग जर्मन साम्राज्य. कोळी लोक कुर्शी बोलीत बोलत, चर्चमध्ये आणि शाळेत जर्मन चाले. 1945 च्या जानेवारीत सोव्हिएत फौजा जवळ आल्या आणि गाव रिकामं झालं. पॉट्सडॅमच्या बैठकीनंतर प्रांताचा उत्तर भाग रशियाकडे गेला. तत्त्वज्ञ कान्टचं क्योनिग्जबर्ग 1946 मध्ये कालिनिनग्राड झालं आणि पुढच्याच वर्षी रोसिटनचं रिबाची. उरलेसुरले जर्मन 1948 पर्यंत पाठवले गेले. त्यांच्या घरांत रशिया आणि बेलारूसमधून आणलेली कुटुंबं राहायला आली.

माझ्याबरोबर दुभाषा म्हणून कालिनिनग्राडला डॉक्टरकी शिकणारा लातूरकडचा एक मुलगा होता. गावातल्या एका अंगणात भट्टीवर मासे धुरावायला टांगलेले दिसले म्हणून आम्ही आत डोकावलो. भट्टीपाशी सत्तरी ओलांडलेले आजोबा बसले होते. आल्डरच्या लाकडाचा धूर, सोनेरी कातडीचे ब्रीम मासे आणि एका कोपऱ्यात वाम. आजोबांचे वडील बेलारूसमधून आले होते. नांगर धरणारा माणूस. त्यांना इथे होडी मिळाली आणि सहकारी मच्छीमार संस्थेत काम मिळालं. “वाऱ्याचा अंदाज यायला त्यांना बरीच वर्षं लागली,” आजोबा म्हणाले. “शिकवणारं कुणी उरलंच नव्हतं ना.” मुलाने हे मराठीत सांगितलं आणि पुढे स्वतःच म्हणाला, “काका, आपल्याकडे धरणाखाली गावं उठतात तेव्हा निदान माणसं तरी एकमेकांबरोबर असतात.” मला ते पटलं. इथे साडेसहाशे वर्षांच्या गावात एकाही घरात आजोबा-पणजोबांची ओळ उरली नाही.

तरी या गावातली दोन कामं जुन्या लोकांच्या हातून नव्यांच्या हाती आली. एक वाळू धरून ठेवण्याचं आणि दुसरं पाखरं मोजण्याचं.

आधी वाळू. या दांड्यावर एके काळी घनदाट जंगल होतं. सतराव्या-अठराव्या शतकांत ते बेसुमार तुटलं आणि मोकळी झालेली वाळू समुद्राकडच्या वाऱ्याबरोबर खाजणाच्या दिशेने चालू लागली. टेकड्या दरवर्षी काही मीटर सरकत. रोसिटनच्या शेजारचं कुन्त्सेन हे गाव त्यांनी गिळलं. पिलकोपेनच्या लोकांना वस्ती हलवावी लागली. वाळू पुढे गेली की मागे जुन्या गावांची दफनभूमी उघडी पडे. रोसिटनही गेलंच असतं. ते वाचलं त्याचं मोठं श्रेय फ्रान्झ एफा या टेकड्यांच्या निरीक्षकाला जातं. एफांनी जवळपास चाळीस वर्षं एकच काम केलं. काटक्या आणि बोरू वाळूत खोचून चौकोन पाडायचे, चौकोनात वारा अडला की आत खाजणातला चिखल टाकायचा आणि त्यात डोंगरी पाइनचं रोप लावायचं. या ठेंगण्या झाडाची मुळं वाळूला घट्ट धरतात. समुद्राच्या बाजूने सलग बांध घालून त्यावर गवत रुजवायचं, म्हणजे नवी वाळू आत येत नाही. एफा 1904 मध्ये रोसिटनमध्येच वारले. मोर्स्कोयेजवळच्या साठ मीटरहून उंच टेकडीला आजही त्यांचंच नाव आहे. रशियन राज्यातही ते बदललं गेलं नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आता पाखरं. उत्तर युरोपातून दक्षिणेला निघालेल्या पक्ष्यांच्या एका मोठ्या प्रवाहाला बाल्टिकच्या कडेने यावं लागतं. जमिनीवरच्या पक्ष्यांना उघड्या पाण्यावर जाणं नको असतं, म्हणून ते या चिंचोळ्या वाळूवर गोळा होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या एखाद्या चांगल्या सकाळी लाखो पक्षी गावावरून जातात. जुन्या रोसिटनच्या कोळ्यांना हे विज्ञान ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण त्यांना कावळे ठाऊक होते. करड्या अंगाचे आणि काळ्या डोक्याचे हे कावळे शरदात थव्यांनी येत. मासेमारी मंदावलेली, घरात धान्य तुटपुंजं. मग कोळी वाळूवर जाळं पसरत, त्यावर मासळी टाकत, पायाला दोरी बांधून एक-दोन माणसाळलेले कावळे बसवत आणि फांद्यांच्या खोपट्यात दबा धरत. थवा उतरला की जाळं ओढायचं. पुढचं ऐकून अंगावर काटा येतो. पिसं रक्ताने खराब होऊ नयेत म्हणून पकडलेला कावळा ते डोक्यात दात रोवून मारत. मांस पिंपात मिठात घालून हिवाळाभर पुरवत आणि पिसं उशांत भरत. आसपासचे लोक त्यांना ‘कावळे चावणारे’ म्हणत. त्या नावात जी हेटाळणी होती ती मला मान्य नाही. उपाशी घरातल्या माणसाने काय खावं हे भरल्या पोटाने ठरवू नये.

याच पाखरांमुळे रोसिटन जगाच्या नकाशावर आलं. योहानेस थिनेमान हे धर्मशास्त्र शिकलेले शिक्षक 1896 मध्ये पहिल्यांदा इथे आले आणि आकाशातली गर्दी बघून थक्क झाले. 1901 च्या 1 जानेवारीला जर्मन पक्षीशास्त्र संस्थेने इथे पक्षीनिरीक्षण केंद्र उघडलं आणि थिनेमान त्याचे प्रमुख झाले. पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठीच थाटलेलं हे जगातलं पहिलं केंद्र. डेन्मार्कमधले शिक्षक मोर्टेन्सन यांनी 1899 मध्ये मैनांच्या जातीतल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांकाच्या ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या होत्या. तीच युक्ती थिनेमाननी 1903 पासून इथे वापरली आणि सुरुवात केली ती कोळ्यांकडून जिवंत घेतलेल्या कावळ्यांवर. नंतर करकोच्यांची पाळी आली. प्रशियातल्या घरांच्या छपरांवर वाढलेल्या पिल्लांच्या कड्या थेट दक्षिण आफ्रिकेतून परत आल्या, तेव्हा करकोचे हिवाळ्यात कुठे जातात या प्रश्नाला पुराव्यासह उत्तर मिळालं. थिनेमाननंतर एर्न्स्ट श्युत्स यांनी 1930 च्या दशकात इथली करकोच्याची पिल्लं जर्मनीच्या पश्चिम टोकाला नेली आणि तिथले करकोचे निघून गेल्यावर सोडली. वाट दाखवायला कुणी नव्हतं, तरी पिल्लांनी आपल्या पूर्वजांचीच आग्नेयेची दिशा धरली. दिशा रक्तात असते, हे त्यातून कळलं.

1945 ला हे सगळं थांबलं. जर्मन केंद्राचा वारसा दक्षिण जर्मनीत राडोल्फझेलला गेला आणि गावातली कचेरी ओस पडली. पण 1956 मध्ये लेनिनग्राडहून आलेल्या लेव बेलोपोल्स्की यांनी रिबाचीत सोव्हिएत विज्ञान अकादमीचं केंद्र सुरू केलं. शत्रूराष्ट्राच्या माणसांनी अर्ध्यावर टाकलेलं काम युद्धानंतर दहा-अकरा वर्षांत उचलायला मोठं मन लागतं. त्या केंद्राचं काम आजही चालू आहे.

गावाच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर, जंगलातल्या मोकळ्या जागेत त्यांचं ‘फ्रिंजिला’ हे ठाणं आहे. तिथे खांबांवर ताणलेली जाळ्यांची अजस्र पोकळी उभी आहे. तोंड तीस मीटर रुंद, उंचीला चार-पाच मजली घराएवढं, आणि मागे निमुळतं होत अखेर एका छोट्या पेटीत संपणारं. असा सापळा पहिल्यांदा याच केंद्राने उभारला, म्हणून जगभर तो ‘रिबाची सापळा’ म्हणून ओळखला जातो. पक्ष्याला तोंडाशी काही कळत नाही आणि पुढे गेल्यावर मागे फिरायचं सुचत नाही.

सापळ्यापलीकडच्या लाकडी खोलीत मी जे पाहिलं ते बघायला खरं तर एवढ्या लांब यावं. टेबलाशी एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. त्यांनी कापडी पिशवीत हात घालून गोल्डक्रेस्ट काढला. युरोपातला हा सर्वांत लहान पक्षी वजनाला पाच-सहा ग्रॅम, डोक्यावर पिवळी रेघ. मान दोन बोटांत आणि अंग तळहातात. डाव्या हातातली ही पकड एकदाही सैल झाली नाही की घट्टही झाली नाही. मोजपट्टीवर पंख टेकवला, आकडा मोठ्याने म्हटला. मग पोटावर हलकेच फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि पारदर्शक कातडीखाली पिवळसर चरबी दिसली. पुढच्या उड्डाणासाठी पाखराने किती इंधन भरलंय ते अशा फुंकरीने कळतं. डोकं खाली करून पक्षी निमुळत्या नळीत, नळी काट्यावर, वजन वहीत. शेवटी पक्कडीने पायात तांदळाच्या दाण्याएवढी कडी. हे सगळं एका मिनिटाच्या आत. मी विचारलं, कंटाळा येत नाही का. बाई म्हणाल्या, “प्रत्येकाचं पोट वेगळं असतं.” आणि पुढची पिशवी उघडली.

या वह्यांतून मोठं शास्त्र उभं राहतं. इथल्या संशोधकांनी बोरूत राहणारे वटवट्या जातीचे छोटे पक्षी वसंतात पकडून हजार किलोमीटर पूर्वेला, मॉस्कोकडे नेले. तिथे त्यांनी दिशा बदलून वायव्येला, आपल्या वीणस्थानाकडे तोंड केलं. म्हणजे आपण किती पूर्वेला आलो हे त्यांना उमगतं. 2008 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पक्ष्यांच्या अंगात नकाशा असतो का, या वादाला नवं वळण मिळालं.

गावात परतताना थिनेमान यांची कबर पाहिली. ते 1938 मध्ये इथेच वारले. कबर नीट राखलेली आहे, फुलं ताजी होती. पण भोवतालची जर्मन दफनभूमी झाडाझुडपांत गेली आहे. 1873 सालचं लाल विटांचं चर्च युद्धानंतर गोदाम म्हणून वापरलं गेलं आणि नव्वदच्या दशकात ऑर्थोडॉक्स पंथाकडे आलं, म्हणून वाचलं. जुन्या घरांची कौलं मात्र उतरताहेत. त्यांच्या जागी रंगीत पत्रे आणि सुट्टीवर येणाऱ्या शहरी लोकांची कुंपणबंद बंगले येताहेत. त्याहून काळजीची गोष्ट समुद्राकडची आहे. दांड्याच्या मुळाशी, लेस्नोयच्या बाजूला, वादळी लाटा बांध पोखरताहेत. युनेस्कोने 2000 मध्ये हा दांडा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला तो माणसाने वाळू थोपवून धरली म्हणून. ती वारशाची पाटी नाक्यावर ठळक आहे. काटक्यांचे चौकोन मात्र जागोजागी मोडलेले दिसले, आणि पर्यटकांच्या पावलांनी गवत मेलेलं. वाळूवर लावलेलं जंगल राखायला दरवर्षी माणसं आणि पैसा लागतो. नाक्यावर जमणाऱ्या तिकिटाच्या पैशातून त्याला अधिक वाटा मिळायला हवा.

फ्रिंजिलाच्या बाईंनी निघताना विचारलं, भारतातून म्हणजे मुंबईजवळून का. सलीम अली यांचं नाव त्यांना ठाऊक होतं. सलीम अली 1929 मध्ये बर्लिनला पक्षीशास्त्रज्ञ श्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले होते, आणि कड्या घालण्याचं शिक्षण त्यांनी जर्मनीतल्याच हेल्गोलँड बेटावर घेतलं. पाखरंही तिकडून आपल्याकडे येतात. गळ्याला नारिंगी छटा असलेला छोटा माशीमार पूर्व युरोपातल्या जंगलात वीण करतो आणि हिवाळ्यात पश्चिम भारतात, आपल्या बागांतही उतरतो. अशा पाखराच्या पायात कधी कडी दिसली, किंवा मेलेल्या करकोच्याच्या, बदकाच्या पायात सापडली, तर ती फेकू नका. त्यावरची अक्षरं आणि आकडे जसेच्या तसे उतरवा, फोटो काढा, तारीख आणि गावाचं नाव लिहा आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. कडी कुठल्याही देशाची असो, तिथून ती योग्य माणसापर्यंत पोहोचते.