विश्लेषण : ड्रोन पाडण्यासाठी ‘बारा बोअर’ची बंदूक पुन्हा खंदकात का आली?

शत्रूचे ड्रोन भरकटवायचे तर जॅमर हवा, असे अगदी अलीकडेपर्यंत मानले जात होते. युक्रेन युद्धात काचेच्या बारीक तंतूला बांधलेल्या ड्रोननी हे गणित बिघडवले. परिणामी शिकारीत वापरली जाणारी छर्ऱ्याची बंदूक दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या हाती दिसू लागली आहे.

जॅमर निष्प्रभ कसे ठरले?

साध्या एफपीव्ही ड्रोनच्या कॅमेऱ्यातील दृश्य रेडिओ लहरींद्वारे चालकाच्या गॉगलमध्ये दिसते आणि त्याच्या आज्ञाही लहरींद्वारेच ड्रोनपर्यंत जातात. जॅमर त्याच लहरींवर गोंगाट करतो. संपर्क तुटला की ड्रोन भरकटते किंवा कोसळते. रशियाने 2024 मध्ये यावर तोड काढली. ड्रोनच्या पोटाला ऑप्टिकल फायबरचे रीळ लावले. म्हणजे आपल्या घरी इंटरनेट आणणारी तीच काचेची तार, फक्त वरचे जाड आवरण नसलेली. लहरीच नाहीत म्हटल्यावर जॅमर करणार काय? अशा ड्रोनचा रेडिओ संकेतांवरून मागही काढता येत नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये युक्रेनने रशियाच्या कुर्स्क प्रांतात मुसंडी मारली, तेव्हा रशियाने या ड्रोनचा मोठा वापर केला. नंतर युक्रेननेही तेच तंत्र उचलले.

तार तुटत नाही का?

रीळ जमिनीवर नसून ड्रोनवरच असते. ड्रोन पुढे जाताना तार मागे सोडत जाते. ती ओढली जात नाही, त्यामुळे तिच्यावर ताण येत नाही. साधारण 10 ते 20 किलोमीटरचे रीळ वापरले जाते. वजन मात्र वाढते, त्यामुळे स्फोटके कमी न्यावी लागतात. झाडाझुडपांत तार अडकण्याचाही धोका असतो. कल्पना तशी जुनीच. भारतीय लष्कराकडील मिलान आणि कोंकर्स ही रणगाडाभेदी क्षेपणास्त्रेही तारेवरूनच आज्ञा घेतात. पूर्व युक्रेनमधील काही शेतांवर आता या तंतूंचे कोळिष्टकासारखे थर पसरले आहेत.

मग बंदूकच का?

जॅमर चालत नसेल, तर ड्रोन प्रत्यक्ष पाडण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक खंदकात विमानविरोधी तोफ ठेवता येत नाही आणि काही शे डॉलरच्या ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र डागणे परवडत नाही. रायफलची एकच गोळी हलत्या, ताटाएवढ्या लक्ष्याला लागणे दुरापास्त. बारा बोअरच्या काडतुसातून मात्र शंभरावर छर्रे पसरत जातात. ड्रोनचा एखादा पंखा जरी फुटला तरी काम झाले. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतली जाते, त्याच जातीची ही बंदूक.

पण तिची मर्यादाही जीवघेणी आहे. छर्रे 40-50 मीटरपलीकडे फारसे परिणामकारक ठरत नाहीत. ताशी 100 किलोमीटर वेगाने येणारे ड्रोन 50 मीटरचे अंतर दोन सेकंदांहूनही कमी वेळात कापते. तेवढ्यात बंदूक खांद्याला लावायची, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. नेम हुकलाच, तर दुसरी संधी मिळेल याची खात्री नाही. म्हणूनच युक्रेनमध्ये सैनिकांना उडत्या चकत्यांवर नेमबाजीचा सराव दिला जातो. नेहमीच्या रायफलमधूनच झाडता येईल आणि हवेत तुकडे होऊन पसरेल, असे 5.56 मिलिमीटरचे काडतूसही तेथे तयार झाले. त्याचे नाव ‘होरोशोक’, म्हणजे वाटाणा. ऐनवेळी दुसरी बंदूक शोधावी लागत नाही, हा त्याचा खरा फायदा.

छर्ऱ्यांच्या बंदुकीवर पूर्वी वाद का झाला होता?

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी खंदकांत विंचेस्टर 1897 ही शॉटगन वापरली. जवळून होणारे तिचे घाव इतके भयंकर होते, की सप्टेंबर 1918 मध्ये जर्मनीने ती युद्धनियमांविरुद्ध असल्याचा निषेध नोंदवला. अमेरिकेने तो फेटाळला. विषारी वायू वापरणाऱ्या देशाने ही तक्रार करावी, हे विशेष!

भारताचा अनुभव काय?

ऑपरेशन सिंदूरदरम्यान 8-9 मे 2025 च्या रात्री पाकिस्तानने 36 ठिकाणी सुमारे 300 ते 400 ड्रोन पाठवल्याचे भारताने सांगितले होते. जॅमरसोबतच एल-70, झेडयू-23 आणि शिल्का या जुन्या विमानविरोधी तोफांचाही त्या संघर्षात उपयोग झाला. मात्र तो सामना मुख्यतः लांबून येणाऱ्या ड्रोनशी होता. खंदकाच्या तोंडाशी येणाऱ्या, तारेवर चालणाऱ्या ड्रोनचा प्रश्न वेगळा आहे.

जाळ्यांचा उपाय किती उपयोगी?

रसद नेणारी वाहने हे या ड्रोनचे आवडते भक्ष्य. त्यामुळे आघाडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर खांब रोवून दोन्ही बाजूंनी आणि वरून जाळी बांधली जात आहेत. ड्रोनचे पंखे त्यात अडकतात किंवा ते वाहनापासून दूर फुटते. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील मच्छीमारांची जुनी जाळीही यासाठी युक्रेनला पाठवण्यात आली आहेत. स्फोटाने जाळे फाटले, की ते पुन्हा बांधावे लागते आणि त्या भगदाडातून पुढचे ड्रोन आत शिरू शकते.