ओळखपत्र दाखवा, पण हातातून सोडू नका

दुकानात जावे, वस्तू निवडावी, पैसे द्यावेत आणि पिशवी घेऊन घरी यावे. अमरावतीच्या इतवाऱ्यात काय किंवा अकोल्याच्या मोहम्मद अली रोडवर काय, आपल्यासाठी खरेदी म्हणजे एवढेच. तुम्ही कोण, कुठले, हे दुकानदाराने विचारले तरी ते गप्पांच्या ओघात. पण आपल्याच घरातला मुलगा नोकरीसाठी रियाध, दोहा किंवा दुबईला जातो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला वेगळा अनुभव येतो. सिम घ्यायचे तर ओळखपत्र. घरी पैसे पाठवायचे तर ओळखपत्र. बहिणीच्या लग्नासाठी सोने घ्यायचे, तर तिथेही कधी ओळखपत्र. रात्री फोनवर तो अम्मीला सांगतो, "इथे तर दुकानातसुद्धा कागद मागतात."

हे ऐकून आपल्याकडे पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण आहे. २०२५च्या सुरुवातीला उशिरा केलेल्या जन्मनोंदींवरून राज्यात वाद उठला. सरकारने विशेष तपास पथक नेमले, तहसील पातळीवरून असे दाखले देणे थांबवले, आणि त्या बातम्यांत अकोला व अमरावती जिल्ह्यांची नावे वारंवार येत होती. ज्यांचे सगळे कागद सरळ होते, त्यांनीही त्या दिवसांत पेट्या उघडून जुने दाखले शोधले. अशा घरातून गेलेल्या मुलाकडे परक्या देशात कोणी कार्ड मागितले, की एक तर त्याला तो आपल्यावरचा संशय वाटतो आणि तो चिडतो. नाही तर तो घाबरतो आणि समोरचा मागेल ते सगळे काढून देतो. दोन्हीत नुकसान त्याचेच.

म्हणून तीन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. कोण मागतो आहे, कशासाठी मागतो आहे, आणि त्याला नेमके किती द्यायचे.

मागणी वस्तूमुळे असते

सिमकार्डापासून सुरुवात करू. संयुक्त अरब अमिरातीत २०१२मध्ये ‘माझा नंबर, माझी ओळख’ ही मोहीम सुरू झाली आणि जुन्या ग्राहकांनाही आपले नंबर ओळखपत्र दाखवून पुन्हा नोंदवावे लागले. सौदी अरबमध्ये २०१६पासून सिमसाठी बोटाचा ठसाही द्यावा लागतो. हे फक्त परदेशी माणसासाठी नाही, तिथल्या नागरिकालाही लागू आहे. प्रत्येक नंबरामागे एक जबाबदार माणूस असावा, हा त्यामागचा विचार. आपल्याकडेही आधार किंवा दुसरे ओळखपत्र दिल्याशिवाय सिम मिळत नाही. फक्त आपल्याला त्याची सवय झाली आहे.

फरक एवढाच, की तिथे परदेशी रहिवाशाचे सगळे व्यवहार एकाच कार्डाला बांधलेले असतात. सौदीत त्याला इकामा म्हणतात, अमिरातीत एमिरेट्स आयडी, कुवेतमध्ये सिव्हिल आयडी. सौदीत नागरिकाच्या ओळख क्रमांकाची सुरुवात १ने होते आणि परदेशी रहिवाशाच्या क्रमांकाची २ने. म्हणजे क्रमांक टाकताच समोरच्याला कळते, की हा बाहेरून आलेला आहे. कार्डाची मुदत संपली आणि बँकेत नवे कार्ड नोंदवले नाही, तर बँक खाते अडवू शकते. पगार जमा असतो, पण हातात येत नाही. म्हणून कार्डावरची मुदतीची तारीख मुलाने जशी लक्षात ठेवायची, तशी घरातल्यांनीही कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

पैसे पाठवताना मनी एक्स्चेंजवाला कार्ड मागतो, कारण कोणी कोणाला किती पाठवले याची नोंद ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. सोन्याचेही तसेच. अमिरातीत ५५,००० दिरहम किंवा त्याहून जास्त रोख देऊन सोने घेतले, तर सराफाला ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत ठेवून सरकारकडे माहिती द्यावी लागते. आपल्याकडे २ लाखांच्या वरच्या दागिन्याला सराफ पॅन मागतो, त्याच जातीचा हा नियम आहे. औषधाच्या दुकानातही झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्यांसाठी डॉक्टरची चिठ्ठी आणि कार्ड मागतात. भारतातही मार्च २०१४पासून ‘एच-१’ यादीतल्या औषधांसाठी दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहावे लागते आणि ती वही ३ वर्षे जपावी लागते.

सुरी आणि सर्दीची गोळी

आता आपली मुले शिक्षणासाठी इंग्लंडलाही जातात. नवी खोली घेतली, स्वयंपाकासाठी सुरी घ्यायला दुकानात गेले, आणि काउंटरवर ओळखपत्र मागितले, असे तिथे होते. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलाला सुरी विकणे गुन्हा आहे. म्हणून जो ग्राहक २५च्या आतला दिसतो, त्याच्याकडे वयाचा पुरावा मागायचा, असा शिरस्ता बहुतेक मोठ्या दुकानांनी ठेवला आहे. त्यात गोरा-काळा असा प्रश्न नाही. चेहरा कोवळा दिसतो, एवढेच.

तिथे एक नवी अडचण आहे. परदेशी रहिवाशांना पूर्वी मिळणारे प्लास्टिकचे निवास-कार्ड २०२४च्या अखेरीस बंद झाले आणि व्हिसा आता ऑनलाइन नोंदीत असतो. त्या नोंदीतून निघणारा कोड घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्याला दाखवण्यासाठी आहे, सुरी विकणाऱ्याला नाही. मग विद्यार्थी रोज खिशात पासपोर्ट घेऊन फिरतात आणि हरवून बसतात. त्यापेक्षा तिथला शिकाऊ वाहन परवाना किंवा वयाच्या पुराव्याचे मान्यताप्राप्त कार्ड काढून घ्यावे.

अमेरिकेत सर्दीची साधी गोळी घ्यायला ओळखपत्र लागते. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि त्यापासून नशेचा पदार्थ बनवतात. म्हणून २००५च्या कायद्याने त्या गोळ्या काउंटरच्या मागे गेल्या. फोटोचे ओळखपत्र दाखवायचे, नोंदीवर सही करायची, आणि एका दिवसात ३.६ ग्रॅमपेक्षा जास्त औषध मिळणार नाही. राष्ट्राध्यक्षांच्या शेजाऱ्यालाही हाच नियम.

नियम आहे की चेहरा पाहिला?

सगळीच मागणी अशी सरळ नसते, हेही खरे. दाढी पाहून, ओढणी पाहून, रंग पाहून जादा चौकशी होते. मग ओळखायचे कसे? मनाशी दोन प्रश्न विचारा. ही वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागतात का? आणि आपल्या आधी रांगेत असलेल्या माणसाकडे मागितले का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर राग धरण्याचे कारण नाही. तांदूळ, दूध, कपडे, भांडी रोखीने घेताना कोणी कार्ड मागत असेल, तर सौम्यपणे कारण विचारावे. पटले नाही, तर वस्तू तिथेच ठेवून दुसऱ्या दुकानात जावे. परक्या देशात दुकानात आवाज चढवला, की प्रकरण पोलिसांपर्यंत जाते आणि तिथे परदेशी माणसाची बाजू आधीच लंगडी असते.

दुकानदार आणि सरकारी अधिकारी यांत मात्र गल्लत करू नये. सौदीत इकामा नेहमी जवळ बाळगणे आणि अधिकाऱ्याने मागितल्यास दाखवणे बंधनकारक आहे. जपानमध्येही परदेशी रहिवाशाने निवास-कार्ड जवळ ठेवायचे असते, आणि पोलिसाने किंवा इमिग्रेशन अधिकाऱ्याने मागितल्यास दाखवायचे असते. अमेरिकेत तर १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद जवळ बाळगण्याचा कायदा १९५२पासून आहे. तिथे हुज्जत चालत नाही. गणवेशातला अधिकारी असेल तर कार्ड दाखवावे. साध्या कपड्यातला असेल तर त्याचे ओळखपत्र आधी पाहू द्या, अशी नम्र विनंती करावी.

याच जागी स्वतःकडेही पाहू. थंडीत आपल्या गल्लीत ब्लँकेट आणि गालिचे विकायला दुसऱ्या राज्यातली माणसे येतात. चार पोरे त्यांना अडवून आधार मागतात, मोबाईलवर चित्रण करतात, आणि आपण ओट्यावरून पाहत राहतो. आपल्या मुलाला शारजाच्या दुकानात जे बोचते, तेच त्या माणसाला आपल्या दारात बोचते. रस्त्यावर कोणाचेही कार्ड तपासण्याचा अधिकार या पोरांना कोणी दिलेला नाही, हे घरातल्या मुलांना सांगणे आपलेच काम आहे.

दाखवणे वेगळे, देऊन टाकणे वेगळे

आता सगळ्यात महत्त्वाचे. कार्ड दाखवावे, नोंद करू द्यावी, आणि परत खिशात ठेवावे. उधारीसाठी किराणा दुकानात कार्ड ठेवून येणे, खोलीच्या भाड्यापोटी एजंटाकडे ठेवणे, ही सवय घातक आहे. ज्याच्या हातात तुमचे कार्ड, त्याच्या हातात तुमचे नाव. त्या नावावर सिम निघते, सिमवरून फसवणूक होते, आणि पोलीस ज्याचे नाव आहे त्याला शोधत येतात. तो रात्रपाळीहून येऊन झोपलेला असतो आणि आपल्या नावावर कोणता नंबर चालू आहे हेही त्याला ठाऊक नसते.

झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवे लिहावे: ‘फक्त सिमसाठी’, तारीख आणि सही. कार्डाचा फोटो अनोळखी माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवू नये. फोनवर आलेला ओटीपी दुकानदारालाही सांगू नये. आपल्या नावावर किती नंबर आहेत, हे सौदीत ‘अरकामी’ आणि अमिरातीत ‘हिसाबाती’ या सेवांमधून पाहता येते. भारतात ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर ही सोय आहे. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर ९पेक्षा जास्त सिम ठेवता येत नाहीत. परदेशी गेलेल्या मुलाचे जुने सिम घरात कोण वापरते, याचाही हिशेब ठेवावा.

पासपोर्टची गोष्ट याहून मोठी. १९६७च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता आहे. आपण तो जपायचा, दुसऱ्याकडे गहाण ठेवायचा नाही. सौदीत आणि अमिरातीतही कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवायला मनाई आहे. तरी कोणी अडकवला, तर भारतीय दूतावासाकडे किंवा ‘मदद’ या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. दुबई, रियाध आणि जेद्दा येथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रेही आहेत. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत नोंद, मग दूतावास.

नावाचा घोळ घरूनच सुरू होतो

काउंटरवरचा बराच त्रास नावामुळे होतो, आणि ते नाव आपल्याच गावातल्या शाळेत लिहिले गेलेले असते. वऱ्हाडात ‘शेख अमुक शेख तमुक’, ‘सय्यद अमुक सय्यद तमुक’ अशी नावे लिहायची पद्धत आहे. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये घाईत ‘शे.’, ‘सै.’, ‘अ.’ असे लिहिले जाते. उर्दूत ‘मोहम्मद’ एकच असतो. इंग्रजीत त्याची पाच स्पेलिंगे होतात. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. मुलींच्या नावातले ‘बी’, ‘परवीन’, ‘अंजुम’ एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. त्यात पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहतो. नोव्हेंबर २०२२मध्ये अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश देणे बंद केले, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले, की हा रकाना किती कामाचा आहे.

म्हणून पहिलीत नाव घालतानाच मुलाचे, वडिलांचे आणि आजोबांचे पूर्ण नाव, संक्षेप न करता, इंग्रजी स्पेलिंगसह लिहून द्यावे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, तेव्हा नगरपालिकेतली पहिली नोंदच नीट असू द्या.

उमरा आणि हजला जाणाऱ्या भगिनींसाठी

मक्का-मदिनेत तसबीह, खजूर, जानमाज घेताना कोणी कागद मागत नाही. सिम घेताना मात्र पासपोर्ट आणि बोटाचा ठसा लागतो. धुणी-भांडी आणि शेतीकाम करून झिजलेल्या बोटांचे ठसे कधी कधी यंत्रावर उमटत नाहीत. तेव्हा ‘माझ्या नावावर घेऊन देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाचे सिम घेऊ नका. निघण्याआधी भारतातूनच रोमिंग सुरू करून घ्या. हजच्या काळात पासपोर्ट तिथल्या व्यवस्थेकडे जमा राहतो. २०२४पासून ‘नुसुक’ कार्ड हीच हाजींची ओळख आहे, ते गळ्यातून काढू नका. खरेदीच्या गर्दीत ते सांडले, तर लगेच आपल्या गटप्रमुखाला सांगा.

परदेशात कोणी असेल, तर त्याच्या पासपोर्टची आणि निवास-कार्डाची एक प्रत घरात ठेवा. दोन्हींची मुदत, कंपनीचा पत्ता आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा फोन एका वहीत लिहून ठेवा, आणि ती वही अम्मीलाही सापडेल अशा जागी असू द्या. मुलगा सुट्टीवर आला, की सगळ्या कागदांवरची नावे जुळवून पाहा. परत जायच्या आदल्या रात्री हे काम होत नाही. नावातली दुरुस्ती निघाली, तर शाळा, तहसील आणि पासपोर्टसाठी नागपूरपर्यंतच्या फेऱ्या होतात. म्हणून तो आल्याच्या पहिल्या आठवड्यातच हे करून घ्यावे.