परागकणांची ॲलर्जी : दोष पळसाचा नव्हे

होळीच्या सुमारास दिल्ली आणि चंदीगड परिसरात अनेकांना शिंका, नाक वाहणे आणि डोळ्यांना खाज सुटणे असा त्रास सुरू होतो. त्याचा दोष बहुधा नजरेत भरणाऱ्या पळस आणि सावरीच्या फुलांना दिला जातो. तो अन्यायकारक आहे. या फुलांचे परागीभवन मुख्यत्वे पक्षी व कीटकांमार्फत होते. त्यांचे परागकण जड आणि चिकट असल्याने हवेत फारसे तरंगत नाहीत. उन्हाळ्यात उडणारा सावरीचा कापूसदेखील बियांभोवतीचा असतो.

त्रासदायक ठरतात ते ज्यांचा फुलोरा सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही असे वृक्ष. महाराष्ट्रातही आढळणारा वावळ, म्हणजे उत्तरेतील चिलबिल, निष्पर्ण अवस्थेतच फुलतो. त्याचे आणि तुतीचे हलके, कोरडे परागकण वारा दूरवर नेतो. संवेदनशील व्यक्तीची प्रतिकारयंत्रणा या निरुपद्रवी कणांना शत्रू मानते आणि शरीरात हिस्टामिन स्रवते.

हा त्रास सर्दी समजून प्रतिजैविके घेतली जातात. त्यांचा येथे काहीही उपयोग नसतो. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत बरी होते, ॲलर्जी मात्र फुलोरा असेपर्यंत टिकते. दम्याच्या रुग्णांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

चंदीगडची परागकण दिनदर्शिका २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांनी ती तयार केली. अशी माहिती हाती असल्यास वैद्यकीय सल्ल्याने हंगामापूर्वीच औषध सुरू करता येते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेवणेही उपयुक्त ठरते.