बिअर, तीही गरम करून? बेल्जियममध्ये ख्रिसमसला पितात ती मसालेदार ‘ग्लूक्रीक’ नेमकी काय असते?

बिअर म्हटलं की डोळ्यासमोर येते फ्रीजमधून काढलेली थंडगार बाटली. पण डिसेंबरमध्ये बेल्जियमच्या ख्रिसमस बाजारात गेलात, तर लोक वाफाळती, लालभडक बिअर फुंकर मारत पिताना दिसतील. तिचं नाव ग्लूक्रीक.

नावातच सगळं आलं. ‘क्रीक’ म्हणजे तिथल्या फ्लेमिश भाषेत आंबट चेरी. आणि ‘ग्लू’ आलंय ‘ग्लूवाइन’वरून, म्हणजे जर्मनीत हिवाळ्यात पितात त्या गरम मसालेदार वाइनवरून. आउडेनार्डे या गावातली लीफमन्स ही जुनी ब्रुअरी याच नावाने ही बिअर विकते. बेल्जियमची बिअर संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१६ साली गेली.

आता प्रश्न असा, की साधी बिअर गरम केली तर का चालत नाही?

एक तर गरम द्रवात गॅस टिकत नाही, त्यामुळे फेस आणि झणझणी निघून जाते. दुसरं म्हणजे थंडपणामुळे झाकलेला हॉप्सचा कडवटपणा जिभेवर उघडा पडतो. चेरीच्या बिअरमध्ये हॉप्सचा जोर मुळात कमी असतो. चवीचा सगळा भार आंबट-गोडावर असतो, म्हणून ती गरम करता येते.

मग मसाले येतात. दालचिनी, लवंग, चक्रीफूल. म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातलीच मंडळी! गरम केल्यावर त्यांची सुगंधी तेलं लवकर उडतात, म्हणून घोट घेण्याआधीच वास नाकात जातो.

चाखायची कशी?

मंद आचेवर ठेवायची आणि वाफ दिसू लागली की गॅस बंद करायचा. उकळली तर चेरीचा वास उडतो आणि मसाला तेवढा उरतो.

आधी नुसता वास घ्यायचा. चेरीच्या मागे हलकासा बदामासारखा वास येतो, तो चेरीच्या बियांमुळे. बडीशेपेसारखा वास आला तर तो चक्रीफुलाचा, कारण दोघांतलं सुगंधी द्रव्य एकच आहे. पहिल्या घोटात गोड लागतं, मग आंबट. शेवटी घशाशी लवंग रेंगाळते. नुसतं गोडच लागलं आणि आंबट आलंच नाही, तर ते सरबत झालं.

पण खरी गंमत, आणि धोकाही, इथेच आहे.

आपल्याकडे दुकानात ‘फ्रूट बिअर’ नावाने जे मिळतं, ते बहुतेक वेळा बिनअल्कोहोलचं कोल्ड्रिंक असतं. लहान मुलंही पितात. त्यामुळे परदेशी गेलेला मराठी माणूस ‘फ्रूट बिअरच तर आहे’ म्हणून बिनधास्त दोन ग्लास मागवू शकतो.

ग्लूक्रीकमध्ये अल्कोहोल असतं सुमारे ६ टक्के. २५० मिलिलिटरचा एक ग्लास घेतला, तर त्यात १५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल झालं. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरच्या कॅनमध्ये ते साडेसोळा असतं. म्हणजे फरक नावापुरताच! गोडीमुळे ते जाणवत नाही, एवढंच.

आणि ‘थंडीत अंग गरम राहतं’ हा समजही अर्धवट आहे. अल्कोहोलमुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जात असते. बर्फाळ रात्री हे महागात पडू शकतं.

थोडक्यात, बाटलीवर ‘फ्रूट’ लिहिलंय की नाही ते बघू नका, टक्केवारी बघा. ‘०.०’ दिसलं तर कोल्ड्रिंक. आकडा ४, ५, ६ असा असेल तर ती बिअरच. मग ती घेऊन गाडी चालवायची नाही, लहान मुलांच्या हातात ग्लास द्यायचा नाही. आणि एका ग्लासनंतर थोडं थांबायचं.