‘इन्क्रिमिनेट’ या क्रियापदाचा अर्थ व उपयोग

‘इन्क्रिमिनेट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ पुष्कळ विद्यार्थी ‘दोषी ठरविणें’ असा लिहितात. हा अर्थ बरोबर नाहीं. दोषी ठरविणें हें न्यायाधीशाचें काम. त्यास ‘कन्व्हिक्ट’ हें क्रियापद आहे. उघड आरोप करणें म्हणजे ‘अक्यूज’. ‘इन्क्रिमिनेट’च्या मुळाशीं लॅटिन भाषेंतील ‘क्रिमेन’, म्हणजे आरोप, हा शब्द आहे. एखाद्यावर अपराधाचा संशय येईल असें करणें, हा त्याचा भाव होय. ‘इम्प्लिकेट’ हा त्याचा शेजारी. त्याच्या मुळाशीं ‘गुंतविणें’ हा अर्थ असल्यामुळें आपलें ‘गोवणें’ त्यास चपखल बसतें.

आरोप करण्यास माणूस लागतो. परंतु ‘इन्क्रिमिनेट’चा कर्ता पुष्कळदां एखादी मुकी वस्तु असते. ‘द लेटर इन्क्रिमिनेटेड हिम’ म्हणजे ‘त्या पत्रामुळें संशय त्याच्यावर आला’. आमच्या कबनुरापासून दूर नसलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनीं शूद्रकाचें ‘मृच्छकटिक’ मराठी रंगभूमीवर आणिलें. मूळ नाटकांत चारुदत्ताचा मित्र मैत्रेय न्यायसभेंत शकाराशीं झगडतो, आणि वसंतसेनेचे अलंकार त्याच्या काखेंतून खालीं पडतात. ते अलंकार कांहींच बोलत नाहींत. तरी निरपराध चारुदत्त वधस्थानाच्या वाटेस लागतो. ज्या वसंतसेनेच्या खुनाचा हा आळ, ती जिवंत असते!

मनुष्य स्वतःच्या शब्दांनींही स्वतःस गोवूं शकतो. म्हणून भारतीय राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदानें आरोपीस स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करण्यास मनाई केली आहे. मात्र १९६१ सालीं, मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठानें ठरविलें कीं, बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणें म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणें नव्हे.

हा भेद मीं पुस्तकांतून शिकलों, पण तो समजला वर्गांत. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या दप्तरांत दुसऱ्याचें पेन सांपडलें. मीं त्यास सर्वांदेखत चोर म्हटलें. दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, ज्याचें पेन त्यानेंच तें चुकून शेजारच्या दप्तरांत ठेविलें होतें. पेनानें केवळ संशय दाखविला. निकाल मात्र मीं दिला. मीं वर्गासमोरच त्या मुलाची क्षमा मागितली. त्यानें ती दिलीही. परंतु तो पुन्हां पहिल्या बाकावर बसला नाहीं.

तेव्हां पालकहो व मुलांनो, या दोन क्रियापदांतील अंतर परीक्षेपुरतें नव्हे, घरीं व शाळेंत नित्य सांभाळूं या.