चिक्की, ताप आणि केसपेपर

लोणावळा म्हटलं की काय आठवतं? भुशी डॅम, चिक्की आणि भिजून आल्यावर सोमवारी हमखास येणारा ताप! तरी आपण निर्धास्त... ऑफिसचं मेडिक्लेम आहे ना! (मी पडले फ्रीलान्सर, माझ्याकडे तेही नाही.) पण बॉस, बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच कामाला येतात. सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भरही हॉस्पिटलातल्या मोठ्या उपचारांवरच. साधा ताप, आईचं बीपी, रोजच्या गोळ्या... यासाठी ओळखीचा फॅमिली डॉक्टरच हवा.

मावळातल्या गावांसाठी हे काम कार्ला, खडकाळा, टाकवे इथली प्राथमिक आरोग्य केंद्रं करतात. सरकारी निकष काय? सपाटीवर 30 हजार लोकांमागे एक केंद्र, डोंगराळ भागात 20 हजारांमागे. एवढ्या गर्दीत डॉक्टर तुमच्या आईचं बीपी लक्षात ठेवणार कसं? त्यात आंदर मावळातून भर पावसात टाकव्याला पोचायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. म्हणून दाराशी आधी येते ती आशाताई, 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला!

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. मस्तच! पण केसपेपरचे पैसे वाचले म्हणून डॉक्टरची रिकामी खुर्ची भरत नाही. त्यासाठी पगार, राहायला क्वार्टर, औषधांचा साठा असा खर्च दरवर्षी करावा लागतो. 2017 च्या राष्ट्रीय धोरणात 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचं टार्गेट होतं. 2025 उजाडलं, तेव्हाही आपण तिथवर पोचलो नव्हतो.

पुढच्या वेळी कार्ल्याची लेणी बघायला जाल, तेव्हा आरोग्य केंद्रातही डोकवा. ओपीडीबाहेरची रांग मोजा.